ॲस्पिरिन झालं नाही, तर का झालं नाही ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू आहेत. रसायनशास्त्र शिकवण्यात आणि परीक्षक म्हणून कोकणातल्या प्रयोगशाळा पाहण्यात माझी नोकरी गेली, म्हणून हे कळकळीने लिहिते आहे.

एका परीक्षेत ॲस्पिरिनचं प्रिपरेशन, म्हणजे ते प्रयोगशाळेत बनवून दाखवणं, होतं. २ ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड, त्यात ॲसेटिक अनहायड्राइड, सल्फ्युरिक ॲसिडचे थोडे थेंब, मग वॉटर बाथ. एका मुलीचं प्रॉडक्ट पांढरंशुभ्र, कोरडं, दिसायला सुरेख. फेरिक क्लोराइड घातल्याबरोबर मात्र गडद जांभळा रंग आला, म्हणजे त्यात सॅलिसिलिक ॲसिड होतं; शुद्ध ॲस्पिरिन हा रंग देत नाही. मेल्टिंग पॉइंट १३५ अंशांच्या आसपास यायला हवा होता. तो पारा ओलांडून गेला तरी कॅपिलरीतली पूड तशीच. ती वितळली १५८ ला. मुलगी रडकुंडीला आली. तिथल्या एका शिक्षकांनी हळूच सुचवलं, ‘पलीकडच्या बाकावरून चिमूटभर घे आणि जर्नल पूर्ण कर.’

मला याचा फार राग आला, आणि अजून येतो. कारण काय बिघडलं याचं उत्तर त्या मुलीच्या समोरच होतं. १५८ हा सॅलिसिलिक ॲसिडचाच मेल्टिंग पॉइंट. अर्धवट रिॲक्शन झाली असती तर मिश्रण १३५ च्या आधीच, हळूहळू वितळायला लागलं असतं. इथे फ्लास्कमध्ये जे घातलं तेच परत मिळालं होतं. तिच्या बाकावरच्या सगळ्यांचाच रंग जांभळा होता, पलीकडच्या बाकावर कुणाचाच नाही. दोन्ही बाकांवर सॅलिसिलिक ॲसिड आणि सल्फ्युरिक एकच, अनहायड्राइडच्या बाटल्या मात्र वेगळ्या.

मी तिला टेस्ट ट्यूबमध्ये थंड पाणी घेऊन त्या बाटलीतले दोन-चार थेंब टाकायला सांगितलं. चांगलं अनहायड्राइड तेलकट थेंबांसारखं तळाला बसतं आणि विरघळायला वेळ घेतं. हे पडताक्षणी मिसळून गेलं. बाटली पावसाळ्याआधी फोडलेली, झाकण सैल. आमच्याकडची जुलैची हवा आत गेली, अनहायड्राइडचं साधं ॲसेटिक ॲसिड झालं, आणि त्याच्याने हे काम होत नाही. हे सगळं त्या मुलीने स्वतः, माझ्यासमोर शोधून काढलं. गुणपत्रिकेत त्यासाठी रकानाच नव्हता. यील्ड (प्रॉडक्ट किती मिळालं), मेल्टिंग पॉइंट, जर्नल, तोंडी, संपलं.

जांभळा रंग दुसऱ्या वाटेनेही येतो. क्रूड, म्हणजे शुद्ध न केलेलं प्रॉडक्ट, चांगलं निघतं, पण ते विरघळवून पुन्हा स्फटिक करून शुद्ध करताना (रीक्रिस्टलायझेशन) मुलं ते पाण्यात उकळत ठेवतात आणि झालेलं ॲस्पिरिन फुटून पुन्हा सॅलिसिलिक ॲसिड होतं. म्हणून फेरिक क्लोराइडची टेस्ट क्रूडवर एकदा आणि शुद्ध केल्यावर एकदा, अशी दोनदा करायला हवी. सुरुवातीलाच जांभळा रंग आला तर रिॲक्शनमध्ये शोधा, नंतर आला तर गरम पाण्यात. आमचे बरेच विद्यार्थी ती एकदाच, शेवटी करतात आणि मग चूक कुठे झाली ते कुणालाच कळत नाही.

जुनी बाटली का वापरली जाते, हेही समजून घ्यायला हवं. ॲसेटिक अनहायड्राइड हेरॉइन बनवायला लागतं, म्हणून अमली पदार्थांच्या कायद्याखाली त्याच्या खरेदी-विक्रीवर नियंत्रण आहे. ते योग्यच आहे. पण कागदपत्रांच्या धास्तीने लहान गावातली कॉलेजं आहे ती बाटली पुरवून पुरवून वापरतात. निदान बाटलीवर फोडल्याची तारीख लिहावी, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळा सहायकांनी वरची पाण्याची चाचणी करून पाहावी. बिघडलेलं अनहायड्राइड ऊर्ध्वपातन करून १३८ ते १४० अंशांचा भाग वेगळा काढता येतो. ॲसेटिक ॲसिड ११८ लाच निघून जातं. मात्र ज्या बाटलीतल्या सगळ्या अनहायड्राइडचं ॲसेटिक ॲसिड झालं आहे, तिच्यात वाचवण्यासारखं काही उरत नाही.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे: यील्डला जेवढे गुण देता त्यातले निम्मे प्रॉडक्ट का बिघडलं किंवा कमी का आलं, हे पुराव्यानिशी सांगणाऱ्याला द्या. रिॲक्शन उत्तम झाली असेल, तर ती कशाने बिघडू शकली असती हे विचारा. आणि शेजारच्या बाकावरून पूड आणायला सांगणाऱ्यांना परीक्षेच्या कामावर नेमू नका.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापिका, रत्नागिरी