मागचं घर धूसर करू नकोस

शहापूर, बेळगाव
श्रावण वद्य पंचमी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

नवा कॅमेरा घेतल्यापासून छोटीचे जे फोटो तू पाठवलेस ते सगळे मी बाबांच्या कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले. पोरगी गोड आली आहे, त्यात वाद नाही. पापण्यासुद्धा मोजता येतात. पण फोटो कुठे काढलाय, ते एकातही कळत नाही. बागेत असली की मागे हिरवा धुरळा, घरात असली की तपकिरी धुरळा. ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर, म्हणजे भोक पूर्ण मोकळं सोडून, उघडीच ठेवलीस तर दुसरं काय होणार? एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं भोक मोठं आणि मागचं धूसर. दुकानात हीच जादू दाखवून लेन्स विकतात. आठवडाभर मजा वाटते, मग पोरगी बेंगळुरात उभी आहे की चंद्रावर, कुणाला सांगता येत नाही.

वर्गात चित्र काढताना मुलं माणूस रंगवायची आणि मागचा कागद कोरा सोडायची, तेव्हा मी चित्र परत द्यायची हे तुला ठाऊक आहे. तोच हेका आता तुझ्यापुढे लावते. चवथीला येशील तेव्हा छोटीबरोबर आपलं घर आणि गल्लीही फोटोत येऊ दे.

बेळगाव स्टेशनवर पाटीजवळ बाबांनी तुझा एक फोटो काढला होता. हात खिशात, तोंड वाकडं. फोटो म्हणून तो बेतासबातच आहे, पण तुझ्या मागे गावाचं इंग्रजी नाव जुन्या स्पेलिंगचं दिसतं. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी झालं. आपल्या तोंडी बेळगावच राहिलं, पण पाट्या बदलल्या. तुझं तोंड वाकडं का होतं ते आता कुणालाच आठवत नाही. पाटी मात्र काळ सांगते. म्हणून छोटीला घेऊन गणपत गल्लीत जाशील तेव्हा मागच्या दुकानांच्या कानडी-मराठी पाट्या, पूजेच्या सामानाची गाडी, गिऱ्हाईक, सगळं येऊ दे. वीस वर्षांनी ती आधी मागचंच बघेल.

आता करायचं कसं ते सांगते. दोन पावलं मागे हो आणि एफ ५.६ वर ये. १.८ वरून ५.६ वर आलास की आत येणारा उजेड सुमारे दहा पटींनी घटतो. तो कुठून तरी भरून काढायला हवा. शटर हळू करून तो भरून काढू नकोस. ती पळत असली तर १/५०० सेकंद लागतं, बसून खेळत असली तरी १/२५० च्या खाली जाऊ नकोस. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती हळवा आहे तो आकडा, चढव. २०० वरून १६०० वर गेलास की आठ पट भरपाई झाली. त्याने फोटोत दाणे दिसतील म्हणून घाबरतोस, ते मला माहीत आहे. थोडे दाणे चालतात, हललेलं मूल चालत नाही.

आणि तिच्या मागे धावणं सोड. घरात उजेड कुठे पडतो ते आधी बघून ठेव आणि तिथेच जमिनीवर बैस. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा असू दे. तू उभ्यानेच काढतोस, त्यामुळे बहुतेक फोटोंत तिचा भांग आणि फरशी. सोप्यात दारातून येणारा उजेड भाद्रपदात उत्तम असतो, कारण आभाळ भरलेलं असतं आणि सावल्या मऊ पडतात. तिला दाराकडे तोंड करून खेळायला बसव आणि तू दाराच्या कडेला हो, म्हणजे मागे झोपाळा आणि फळीवरचे पितळी डबे येतात. माजघरात मात्र काचेच्या कौलाखाली जपून. ऊन असलं तर तिथे भगभगीत चौकोन पडतो आणि नाकाची सावली हनुवटीपर्यंत जाते. ढग आला की तीच जागा घरातली सर्वांत सुंदर. आपल्याकडे त्या दिवसांत ढगाची वाट फार वेळ बघावी लागत नाही.

फ्लॅश छताकडे वळवायचा, असं तुला कुणीतरी शिकवलेलं दिसतं. तुमच्या पांढऱ्या स्लॅबखाली ते जमतं. इथे वर मंगळुरी कौलं आहेत, काळी पडलेली. तिथून काय परत येणार? बाजूच्या भिंतीवर मारावा म्हणशील, तर ती बाबांनी हौसेने पोपटी रंगवून घेतली आहे. सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं दिसेल. फ्लॅश बॅगेतच ठेव.

कॅमेरा समोरचं सगळं मधल्या करड्या छटेचं आहे असं धरून चालतो, एवढं एक लक्षात ठेवलंस तर आज्जीचे फोटो सुधारतील. मागच्या खेपेला काळ्या इरकलीतली आज्जी पिठाने माखल्यासारखी आली, ती त्यामुळेच. गडद लुगडं आणि अंधारं स्वयंपाकघर बघून कॅमेऱ्याने उजेड वाढवला. तिथे फोटो उजळ-गडद करायचं भरपाईचं चाक उणे एकवर ने. उलट परसातल्या चुना लावलेल्या भिंतीसमोर छोटी उभी असली की चेहरा काळवंडतो, तिथे अधिक एक. आज्जी म्हणेलच, "काय करूलास रे, कडबू जळतील." म्हणू दे. हातांचे काढ. कडबूच्या कडेला मुरड घालताना तिचा अंगठा कसा वळतो ते सूनबाईला अजून जमलेलं नाही, मलाही तिच्यासारखं जमत नाही. आणि मोदकपात्राचं झाकण उघडताना खिडकी वाफेच्या पलीकडे, थोडी कडेला असेल असा उभा राहा. वाफ मागून उजळली आणि तिच्यामागे काही अंधारं असलं तरच ती फोटोत दिसते. समोरून उजेड टाकलास तर तिचा पत्ता लागत नाही.

आरतीला आराशीतल्या रंगीत माळा पाच मिनिटं बंद ठेवायला मी बाबांना सांगून ठेवते. ते कुरकुरतील. लाल-निळ्या उजेडात माणसांच्या चेहऱ्याचा रंग नंतर कितीही खटपट केली तरी नीट होत नाही. इथे मात्र तुझं एफ १.८ खुशाल वापर. आयएसओ ३२००, शटर १/१०० च्या आसपास. एवढ्या हळू शटरला आरतीत उभी असलेली माणसं बरी येतात, टाळ्या हलल्या तर हलू देत. निरांजन चेहऱ्यापासून दोन हातांवर होतं ते एका हातावर आलं की उजेड चौपट होतो. तेव्हा तबक छोटीच्या हातात येईल त्या क्षणासाठी थांब. तिचे केस मात्र मागे बांधून ठेवा आणि कुणीतरी शेजारी उभं राहा, फोटोपेक्षा ते आधी.

विसर्जनाला कपिलेश्वर तलावावर गर्दीत मोठा कॅमेरा आणूच नकोस असं माझं मत. आणलासच तर एवढंच बघ की एलईडीचे दिवे लुकलुकतात. ते डोळ्याला कळत नाही, पण शटर फार जलद ठेवलंस की फोटोवर आडवे पट्टे येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून १/५० किंवा १/१०० वर पट्टे बहुधा जातात.

गौरीच्या दिवशी सगळी जमतील तेव्हा एकत्र फोटो तुलाच काढावा लागणार. दुपारच्या उन्हात अंगणात कुणाला उभं करू नकोस, सगळे डोळे बारीक करतात. दाराबाहेर सावली असते तिथे दोन ओळी कर, म्हातारी माणसं खुर्चीवर, पोरं खाली. एफ ८, फोकस पुढच्या ओळीतल्या डोळ्यांवर. मोबाइलच्या रुंद लेन्सने जवळून काढलास तर कडेची माणसं आडवी ताणली जातात. गेल्या वर्षी आत्या कडेला होती आणि अजून तो विषय निघतो. लांब जा, गटारापर्यंत मागे गेलास तरी चालेल. एकच फोटो काढून थांबू नकोस. एवढ्या जणांत कुणी ना कुणी डोळे मिटतंच.

छोटी "नको" म्हणाली की कॅमेरा खाली. यावर चर्चा नाही.

गाडीत एसी डब्यातून येशील आणि इथे दमट हवा. घरात शिरल्या शिरल्या कॅमेरा बाहेर काढलास तर लेन्सवर पाणी धरेल. बॅगची चेन लावलेलीच तासभर सोप्यात पडू दे. इथे असेपर्यंत चामड्याच्या पिशवीत ठेवू नकोस. आपल्या पावसात कपाटातल्या चपलांना बुरशी येते तशी ती लेन्सच्या आत येते आणि मग काचेवर तिचे व्रण उरतात. घट्ट झाकणाचा एक डबा मी रिकामा केला आहे, त्यात ओल शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते. दाणे गुलाबी झाले की ते भिजले असं समजायचं.

परत गेल्यावर फोटो नेहमीसारखे व्हॉट्सॲपवर ढकलू नकोस, तिथे ते आकसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठव. चार बाय सहाच्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, तुझ्या कॅमेऱ्यात ते कितीतरी जास्त आहेत. निवडून थोडेच पाठव. मी इथे प्रिंट काढून घेते आणि आज्जीला विचारून प्रत्येकाच्या मागे नावं लिहिते. जुन्या अल्बममधली निम्मी माणसं आता फक्त तीच ओळखते, तेही काम याच खेपेला तुझ्यासमोर उरकू.

तिकीट झालं की कळव. चवथीच्या आधी वेटिंग वाढत जातं, उशीर करू नकोस. सूनबाईला आणि छोटीला आशीर्वाद.

तुझी,
आई