रेसिडेन्सीचा अर्ज अडतो तो कागदावर

मा. संपादक,

अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या विशेषज्ञ प्रशिक्षणासाठी, जाऊ पाहणारी सोलापुरातली मुलं वर्षभर स्कोअरचंच बोलतात. 26 जानेवारी 2022पासून तिथल्या यूएसएमएलई या परवाना परीक्षेची स्टेप 1 नुसती पास-नापास झाली आणि सगळा भार स्टेप 2 सीके (क्लिनिकल नॉलेज) या पुढच्या टप्प्याच्या आकड्यावर आला, हे खरंच. पण चांगल्या आकड्याचे अर्जही मागे पडतात, ते कागदांमुळे.

नावाचंच घ्या. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचा घोळ तर आणखी मोठा. परीक्षेसाठी नोंदवलेलं नाव पासपोर्टशी जुळलं नाही, तर प्रोमेट्रिक या परीक्षा केंद्राच्या दारातूनच परत यावं लागतं. आपल्याला जवळचं केंद्र म्हणजे मुंबई नाहीतर हैदराबाद. गाडीभाड्यासकट सगळी फी पाण्यात. तेव्हा आधी पासपोर्ट दुरुस्त करावा, मगच नोंदणी.

दुसरा घोटाळा वेळेचा. इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे विद्यार्थी म्हणून अमेरिकेतल्या रुग्णालयात शिकताना, तिथल्या वॉर्डात रुग्ण तपासायला मिळतो, पण ती साधारणपणे विद्यार्थी असेपर्यंतच. पदवी हातात पडली की बहुतेक ठिकाणी ऑब्झर्व्हरशिप उरते: मागे उभं राहून बघायचं, रुग्णाला हात लावायचा नाही. ज्याने काम पाहिलंच नाही, तो शिफारसपत्रात लिहिणार तरी काय? एका प्रोग्रामला चारच पत्रं जातात, आणि ‘मुलगा हुशार, मेहनती’ छापाच्या पत्रात ती वाया जातात. अर्ज सप्टेंबरात जातात आणि सीकेचा निकाल यायला तीन-चार आठवडे लागतात. ऑगस्टअखेरची तारीख घेणं म्हणजे जुगार.

डर्मा (त्वचारोग), रेडिओलॉजीच्या बऱ्याच जागा दुसऱ्या वर्षापासून सुरू होतात. पहिल्या वर्षासाठी प्रिलिमिनरी किंवा ट्रान्झिशनल या एकवर्षीय जागांचा वेगळा अर्ज भरावा लागतो. सर्जरीत नेमकी उलटी फसगत होते. तिथली प्रिलिमिनरी जागा एकाच वर्षाची, पुढची हमी नाही; पूर्ण प्रशिक्षण हवं तर कॅटेगॉरिकल बघायची. 2025च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, परदेशी नागरिक असलेल्या परदेशी पदवीधरांपैकी सुमारे 58 टक्के लागले, पण हा आकडा सगळ्या शाखांचा मिळून आहे. डर्मा-ऑर्थोवाल्यांनी त्यावर हुरळून जाऊ नये; इंटर्नल मेडिसिनचा अर्जही सोबत टाकावा, मात्र त्याचं पर्सनल स्टेटमेंट (स्वतःविषयीचं निवेदन) वेगळं लिहावं.

जे-1 या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसाला आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं ‘स्टेटमेंट ऑफ नीड’ (या शाखेच्या डॉक्टरांची देशाला गरज असल्याचं पत्र) लागतं आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. एच-1बी हा नोकरीचा व्हिसा हवा तर त्याआधी स्टेप 3 पास व्हावी लागते.

महाविद्यालयांना एकच विनंती. डीनचं पत्र (विद्यार्थ्याच्या कामगिरीचा गोषवारा) आणि ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) यांसाठी एक जाणकार कारकून नेमावा आणि पत्राचा मसुदा जूनमध्येच तयार ठेवावा. गणपतीच्या सुट्ट्यांत सहीसाठी केबिनबाहेर ताटकळणारी मुलं दरवर्षी दिसतात.

– एक वैद्यकीय शिक्षक, होटगी रोड, सोलापूर