हवेचा आकडा दुपारचाही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हवेच्या गुणवत्तेची चर्चा आपल्याकडे दिवाळीला सुरू होते आणि थंडीबरोबर संपते. जमिनीलगतच्या हवेतला ओझोन हा घातक वायू, त्याचा हंगाम मात्र मार्च ते मे हा आहे. हा वायू कुठल्याच नळीतून थेट बाहेर पडत नाही. वाहनांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोल, थिनर, रंग यांच्या वाफा कडक उन्हात एकत्र आल्या की तो तयार होतो. म्हणून त्याचे प्रमाण साधारण दुपारी १२ ते ४ च्या सुमारास सर्वाधिक असते आणि सूर्य मावळल्यावर उतरते.

वर्दळीच्या चौकात धुरातला ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो. त्यामुळे चौकापेक्षा वाऱ्याच्या दिशेने असलेल्या उपनगरात, टेकडीवर, मोकळ्या मैदानावर तो अनेकदा जास्त भरतो. झाडी आहे म्हणजे हवा स्वच्छ, हा हिशेब उन्हाळी दुपारी चुकतो.

खोल श्वास घेताना छातीत दुखणे, कोरडा खोकला, घशात चुरचुर ही त्याची लक्षणे. याला 'उन्हाळी खोकला' म्हणून अँटिबायोटिक घेणे निरर्थक आहे, कारण इथे जंतू नसतात, श्वासनलिकेचे अस्तर सुजलेले असते. सलग काही दिवस ओझोन सोसल्यावर त्रास कमी जाणवू लागतो, सूज मात्र चालूच राहते. दमेकऱ्यांना त्यानंतर धूळ आणि परागकण अधिक बाधतात. थंडी संपली म्हणून रोजचा प्रतिबंधक इनहेलर परस्पर बंद करणे ही या दिवसांतली सर्वांत महागात पडणारी चूक. आणि इनहेलर गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. उन्हात तापून दाबाखालची डबी फुटू शकते.

एन-९५ मास्क कण अडवतो, वायू नाही. एअर प्युरिफायरमध्ये सक्रिय कोळशाचा थर असेल तरच ओझोनवर उपयोग होतो. स्वतःच ओझोन सोडणारी 'शुद्धीकरण' यंत्रे तर घरात आणूच नयेत. दुपारी खिडक्या बंद ठेवल्या की आतले प्रमाण बरेच घटते. कूलर बाहेरचीच हवा आत ओढतो, तरीही उकाडा असह्य असेल तर तो बंद करू नका. उष्माघाताचा धोका त्याहून मोठा आहे.

धावताना माणूस बसल्या जागेपेक्षा कितीतरी पट हवा आत घेतो. मुलांची क्रिकेट शिबिरे आणि भरतीच्या धावण्याचे सराव सकाळी ६ ते ९ मध्ये, रस्त्यापासून दूरच्या मैदानावर घ्यावेत. दुपारी ३ किंवा ४ ला नकोत. पेट्रोल संध्याकाळनंतर भरावे आणि टाकी काठोकाठ भरू नये.

देशाच्या मानकांनुसार ओझोनची ८ तासांची मर्यादा १०० आणि १ तासाची १८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. सकाळच्या अंकात छापला जाणारा हवेच्या गुणवत्तेचा एकच निर्देशांक आदल्या दिवसाचा असतो आणि तो कशामुळे वाढला हेही त्यातून कळत नाही. आपल्या हवामान सदरात मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंत कमाल तापमानाशेजारी आदल्या दुपारचा ओझोनचा सर्वोच्च आकडा, तास आणि हवा मोजणाऱ्या केंद्राच्या नावासह द्यावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर केंद्रनिहाय माहिती मिळते. शिबिराची वेळ ठरवणाऱ्या प्रशिक्षकाला आणि दमेकरी मुलाच्या आईला तोच आकडा हवा आहे.

आपला,
छातीविकारतज्ज्ञ, पुणे