बकरी ईदचं कातडं आणि किलोभर मीठ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी सायन स्टेशनकडून धारावीत येत होते तेव्हा कचऱ्याच्या डब्याशेजारी काळ्या प्लास्टिक पिशव्यांचा ढीग दिसला, दोन-तीन फाटल्या होत्या आणि आतून बकऱ्याची कातडी बाहेर लोंबत होती. येणारे जाणारे नाकाला रुमाल लावून पुढे जात होते. मी थांबले, वाकून एका कातड्याचे केस दोन बोटांनी ओढून बघितले तर पुंजकाच्या पुंजका हातात आला. म्हणजे ते कातडं गेलं, आता त्याचं काही होत नाही. केस असे सुटायला लागले की कातडं आतून कुजलंय हे समजायचं, ही आमच्या घरात लहान पोरालाही माहीत असलेली गोष्ट. मला तिथे रस्त्यातच रडू आलं, कारण आदल्या दिवशी दुपारच्या आत कोणीतरी त्याला किलोभर मीठ लावलं असतं तर ते चामडं झालं असतं.

आम्ही ढोर समाजाचे. कातडी कमावणं, म्हणजे कच्च्या कातड्याचं टिकाऊ चामडं करणं, हा आमचा पिढीजात धंदा, आणि धारावीतल्या संत कक्कय्या मार्गाच्या आसपास माझं सगळं बालपण गेलं. आप्पा आधी वांद्र्याच्या कत्तलखान्यातून माल आणायचे, मग १९७१ ला देवनारचा कत्तलखाना सुरू झाल्यावर तिकडून. पुढे धारावीतल्या टॅनऱ्या, म्हणजे कातडी कमावायचे कारखाने, एकेक करत बंद झाल्या, कमवायचं काम बहुतेक बाहेर गेलं, पण मीठ लावायचं काम राहिलं, कारण ते लांब नेताच येत नाही, ते जिथे जनावर कापलं जातं तिथल्या जवळच करावं लागतं. इथून मीठ लावलेला माल तामिळनाडूत जातो, आणि तिथून तयार चामडं परत धारावीत येऊन त्याच्या बॅगा, पाकिटं, बेल्ट होतात. लोक धारावीत येऊन दुकानात बॅग घासाघीस करून घेतात आणि छान आहे म्हणतात, पण ती छान होती की नाही हे त्या बकऱ्याच्या कातड्याच्या पहिल्या चार-पाच तासातच ठरलेलं असतं, हे कोणाला माहीत नसतं म्हणून हे पत्र.

ताज्या कातड्यात साठ टक्क्यांच्या वर पाणीच असतं, मीठ ते पाणी ओढून घेतं म्हणून कातडं टिकतं. आणि आता काही वर्षं ईद मे-जूनमध्ये येतेय, म्हणजे मुंबईतला सगळ्यात वाईट काळ, उकाडा पण आणि दमट हवा पण. कातडं सोलल्यावर लगेच त्यात जंतू वाढायला लागतात, एवढ्या गरमीत चार-सहा तासात कुजायला सुरुवात होते. आणि लोक काय करतात तर गरम गरम कातडं घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबतात, गाठ मारतात आणि संध्याकाळी कोणीतरी घेऊन जाईल म्हणून जिन्याखाली ठेवतात. यात घाण करायचा हेतू नसतो, उलट घाण होऊ नये म्हणूनच पिशवी बांधतात, पण कातड्याची ऊब बाहेर जात नाही आणि ते आतल्या आत शिजल्यासारखं होतं. पिशवीत बांधण्यापेक्षा ते सावलीत उघडं पसरून ठेवलेलं परवडलं.

करायचं काय असतं ते सांगते. कातड्यावरचं रक्त पाण्याने पटकन धुवायचं, पाणी निथळू द्यायचं. मग केसांची बाजू खाली आणि मांसाची बाजू वर करून पसरायचं, मांसाचे, चरबीचे तुकडे राहिले असतील ते काढायचे, कारण चरबीखाली मीठ जात नाही आणि नेमकं तिथूनच कुजतं. मग मीठ. जाडं पण अगदी खडे नाहीत असं मीठ, कातड्याच्या वजनाच्या साधारण निम्मं, म्हणजे बकऱ्याच्या कातड्याला किलोच्या आसपास. नुसतं वरून भुरभुरवायचं नाही, हाताने चोळायचं, मानेजवळ, पायांच्या कडांना, जिथे कातडं गुंडाळतं तिथे आधी. आई म्हणायची मध्ये कमी पडलं तरी चालेल, कडा सोडू नको. मग एकावर एक थप्पी लावायची, जमीन थोडी उतरती हवी म्हणजे मिठाचं पाणी निघून जातं, ते साचलं तर खालची कातडी खराब होतात. दुसऱ्या दिवशी बघून कमी वाटलं तर परत मीठ. एवढं केलं की माल कित्येक आठवडे टिकतो. आणि एकदा वापरलेलं मीठ परत वापरायचं नाही, त्यात जंतू राहिलेले असतात आणि नव्या मालावर लाल डाग उठतात, आप्पांचं एकदा असं अख्ख्या गठ्ठ्याचं नुकसान झालं होतं, मीठ वाचवायला गेले म्हणून.

आमच्याकडे तेव्हा मीठ भांडुपच्या मिठागराचं यायचं. आईचे हात बाराही महिने फुटलेले असायचे, मिठाने बोटांच्या सांध्यात चिरा पडायच्या आणि तेच हात घेऊन ती संध्याकाळी भाकरी थापायची. शाळेत माझ्या बाकावर कोणी बसायचं नाही, वास येतो म्हणून. हे मी दया यावी म्हणून लिहित नाही, त्या हातांना जे येत होतं ते पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही आणि आता ते येणारी माणसं बोटांवर मोजण्याएवढी राहिलीत म्हणून लिहितेय.

माझा भाचा कॅनडात असतो, त्याने मध्यंतरी एक व्हिडिओ पाठवला, तिकडे सापळ्यात धरलेल्या बीव्हर नावाच्या प्राण्याचं कातडं तयार करतात त्याचा. आपल्या घुशीसारखा दिसणारा पण खूप मोठा, पाण्यात राहणारा प्राणी. तो माणूस गोल ओंडक्यावर कातडं टाकून दोन मुठींच्या सुरीने चरबी खरवडत होता, बीव्हरला चरबी फार असते, आणि मी बघतच राहिले कारण आप्पा असेच उभे राहायचे, असाच पोटाने कातड्याला रेटा द्यायचे. मग त्याने ते फळीवर लंबगोल ताणून चारी बाजूंनी खिळे मारले आणि नुसतं वाळत ठेवलं, मिठाचा कणही नाही. भाचा विचारतो, मावशी आपण का नाही असं करत? अरे तिकडची हवा थंड आणि कोरडी. आपल्याकडे जूनमध्ये ताणून ठेवलं तर वरून वाळल्यासारखं दिसेल आणि आतून कुजेल. तिकडे केसांसकट कातडं विकतात त्यामुळे केस सुटले की सगळंच वाया, आपल्याकडे केस नंतर चुन्यात काढूनच टाकतात, पण म्हणून कुजलेलं चालतं असं नाही. कुजलेल्या कातड्याच्या वरच्या थराला बारीक भोकं पडतात आणि ती कमवून, रंग देऊन झाल्यावरच दिसतात, तोपर्यंत सगळा खर्च होऊन गेलेला असतो.

आता प्रदूषणाचं, कारण हा प्रश्न येणारच आणि यायलाच हवा. टॅनरीत कातडं आधी पाण्यात भिजवतात तेव्हा हे सगळं मीठ पाण्यात उतरतं, तामिळनाडूत पालार नदीकाठच्या विहिरी आणि शेतं टॅनऱ्यांच्या पाण्याने खराब झाली, १९९६ साली सुप्रीम कोर्टाने त्यावर मोठा निकाल दिला. आमचा त्यात हात नाही असं मी म्हणणार नाही, मीठ आमच्याकडूनच जातं. पण भिजवण्याआधी कातडं नीट झटकलं तर बरंच मीठ कोरडंच निघतं, आणि मापात मीठ लावायला शिकलेलं माणूस असेल तर मुळात जास्त जातच नाही. अंदाधुंद मीठ टाकतो तो न शिकलेला माणूस. आणि कचऱ्यात फेकलेल्या हजारो कातड्यांनी प्रदूषण होत नाही का, ती डम्पिंग ग्राउंडवरच कुजतात ना.

भाव पडलेत हे खरंय. कच्च्या बकऱ्याच्या कातड्याला ईदच्या वेळी कधीकधी एका चहाचे पैसे पण मिळत नाहीत, एवढा माल एकदम येतो. पूर्वी लोक कातडं मदरशाला दान द्यायचे, तिथून व्यापारी उचलायचा आणि चार पैसे मदरशाला मिळायचे, आता व्यापारीच येत नाही कारण त्याला माहितीय की अर्धा माल पिशवीत कुजलेला असणार. म्हणजे वेळेत मीठ नाही म्हणून माल खराब, माल खराब म्हणून भाव नाही, आणि भाव नाही म्हणून मीठ लावायला कोणी तयार नाही. हे कुठूनतरी तोडायला पाहिजे आणि माझ्या मते मिठापासूनच तोडता येईल, कारण ते सगळ्यात स्वस्त आहे. २०२५ मध्ये कोल्हापुरी चप्पल इटलीच्या फॅशन शोमध्ये दिसली तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटून उठला होता, आपली कला चोरली म्हणून, मलाही राग आला होता. पण त्या चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावण्याआधी कोणीतरी ते कुजू दिलं नाही म्हणून ती चप्पल आहे, त्या माणसाबद्दल तेव्हा एक ओळ कुठे वाचली नाही.

महापालिकेकडे माझं मागणं छोटं आहे. ईदच्या तीन दिवसांसाठी देवनारला आणि जिथे जिथे कुर्बानीची परवानगी दिली जाते तिथे मिठाची पोती ठेवा, वर ताडपत्रीची सावली आणि पाणी जायला उतार असलेली जागा द्या, आणि मीठ लावता येणारी दोन माणसं रोजावर घ्या. देवनारला ईदसाठी लाखाच्या वर बकरे येतात, त्यांच्या पाण्याची, डॉक्टरची सोय होते, तशी ही पण होऊ शकते. सोसायटीवाल्यांना आणि मोहल्ल्यातल्या पोरांना विनंती की कातडं प्लास्टिकमध्ये बांधू नका, पसरून ठेवा आणि घरातलं मीठ असेल तर तेच चोळा. आणि धारावीच्या पुनर्विकासाचे जे नकाशे निघतायत त्यात बॅगांच्या शोरूमना गाळे देताना मीठ लावायच्या गोडाऊनला पण जागा ठेवा, वासाचं कारण सांगून त्यांना शहराबाहेर काढलं तर माल तिथे पोचेपर्यंतच कुजेल.

माझं वय साठच्या पुढे गेलंय, पण हात अजून चालतात आणि भाऊ अजून या कामात आहे. पुढच्या ईदच्या आधी कोणी पोरं गोळा करून शिकायला तयार असेल तर आम्ही दोघं कुठेही यायला तयार आहोत, पैसे नकोत, पन्नास किलो मीठ आणि एक निथळणारी जागा तेवढी असू द्या.

आपली,
धारावीतली एक वाचक