दोष प्लगचा नव्हताच

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या देखभालीवर लेख आला होता. फोटो देखणे होते. मात्र ‘गाडी अडखळत असेल तर इरिडियम प्लग आणि जास्त ताकदीची कॉइल बसवा, प्रश्न मिटला’ हा त्यातला सल्ला वाचून राहवले नाही. (प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा भाग, कॉइल म्हणजे त्या ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणारी गुंडाळी; इरिडियम हा प्लगच्या टोकाचा टिकाऊ धातू.) हा सल्ला मी पदरचे पैसे मोजून पाळलेला आहे.

आमच्याकडे १९६५ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आहे. यजमानांनी ती १९८६ साली बोटीवरच्या एका अधिकाऱ्याकडून घेतली. ते गेले त्याला सहा वर्षे झाली. आता मीच चालवते, रविवारी सकाळी सातच्या आत, पार्ल्याहून वरळी आणि परत. एकतीस वर्षे कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होते, त्यामुळे मल्टिमीटरची भीती नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात मात्र ‘मावशी, मेकॅनिकला पाठवा ना’ हे ऐकून घेतल्याशिवाय अजूनही काही हातात पडत नाही.

गेल्या ऑक्टोबरात गाडी मिसिंग करू लागली. थंड असताना मुकाट चाले, पण माहीमला सिग्नलवर दहा मिनिटे अडकली की झटके सुरू आणि सायलेन्सरमधून फटाके. ऑपेरा हाउसजवळच्या एका दुकानात गेले. गाडीत एनजीके कंपनीचे बीपी६ईएस प्लग होते. दुकानदार म्हणाला, “मुंबईच्या उकाड्यात थंड प्लग लावा,” आणि बीपी७ईएस हातात ठेवले. मीही घेतले, हे कबूल करते.

प्लग ‘थंड’ म्हणजे त्याच्या टोकाची उष्णता इंजिनच्या हेडमध्ये लवकर निघून जाते, इतकेच. बाहेर ऑक्टोबर हीट आहे की पौषातली थंडी, याच्याशी त्याचे फारसे देणेघेणे नाही. टोक साधारण ४५० ते ५०० अंशांवर गेले तरच त्यावरची काजळी जळून जाते, आणि ८५० अंशांच्या आसपास पोचले की ठिणगीआधीच पेट्रोल पेटायची भीती. गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगणाऱ्या गाडीला थंड प्लग दिला तर तो काजळणारच. तीन रविवारांत चारही प्लग काळेकुट्ट झाले. गंमत अशी की एनजीकेमध्ये आकडा मोठा तर प्लग थंड, आणि बॉश किंवा चॅम्पियनमध्ये आकडा मोठा तर प्लग गरम. एनजीकेच्या सहाच्या जागी बॉशचा सात चालतो, एनजीकेचा सात एक पायरी थंड पडतो. काउंटरवर ‘सात नंबर द्या’ म्हणणाऱ्याने कंपनी न सांगितली तर काय मिळेल, देव जाणे.

आकड्यापेक्षाही आट्यांची लांबी आधी पाहावी. एमजीबीला आटे १९ मिलिमीटर लागतात, कोडमधले ते ‘ई’. ‘एच’ असेल तर १२.७ मिलिमीटर. तो प्लग बसतो, गाडी चालू होते, पण हेडमधले उरलेले आटे कार्बनने भरतात आणि पुढे योग्य प्लग नीट शिरतच नाही. उलट, छोट्या आट्यांच्या हेडमध्ये लांब प्लग पिळला तर तो पिस्टनवर आपटू शकतो. जुना प्लग काढून नव्याशेजारी धरायला मिनिटही लागत नाही.

पुढची पायरी इरिडियमची. असे प्लग खूप दिवस टिकतात, खरे आहे. पण वर्षाला दोन हजार किलोमीटरसुद्धा न धावणाऱ्या गाडीला त्याचा काय उपयोग? चोक (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा खटका) जास्त ओढला गेला तर तेही साध्या प्लगसारखेच काळे होतात. फटाके तसेच चालू राहिले.

मग कॉइल. ‘स्पोर्ट्स’ म्हणून दिलेल्या कॉइलला घरी मीटर लावला, दीड ओहम. आमची मूळची कॉइल तीन ओहमची. बारा व्होल्टला तीन ओहम म्हणजे चार अँपिअर, दीड ओहम म्हणजे आठ. हे गणित अकरावीतली मुले सोडवतात. आठ अँपिअर पॉइंटमधून, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचमधून, गेले तर पॉइंट जळतील, नाहीतर काय? बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट आवरणारा वेगळा रोध) असलेल्या गाडीसाठीची ती कॉइल परत केली. पैसे मिळाले नाहीत, त्याबदल्यात पॉइंटला जोडायचे दोन कंडेन्सर घ्यावे लागले. त्यातला एक आठवडाभरात गेला.

शेवटी गिरगावात गेले. फियाट टॅक्स्या दुरुस्त करण्यात ज्यांची हयात गेली असे एक मेकॅनिक तिथे आहेत. पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, यांच्या हातातली विद्या कुठे गेली नाही. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. “वहिनी, प्लग राहू द्या. रोटर बघितला का? नवा टाकलाय ना?” रोटर म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या डब्यात फिरत कॉइलचा करंट पाळीपाळीने एकेका प्लगला वाटणारा तुकडा. नवा टाकला होता, सहा महिन्यांपूर्वी, चकचकीत. “रात्री अंधारात बघा,” म्हणाले आणि कसे ते सांगितले.

त्या रात्री सोसायटीच्या पार्किंगमधला दिवा बंद करून घेतला. आधी गाडी गरम केली, मग बंद करून डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, रोटर जागच्या जागी ठेवला. पॉइंट मिटलेले असताना चावी नुसती ऑन केली. जाड रबरी हातमोजा घालून कॉइलची मधली वायर रोटरच्या पितळी पट्टीपासून तीन मिलिमीटरवर धरली आणि भाच्याला प्लॅस्टिकच्या मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरने पॉइंट उघडायला सांगितले. रोटर चांगला असेल तर करंटला जायला वाट नसते, काहीच होत नाही. इथे टक्कन निळी ठिणगी पडली. पट्टीला रिव्हेट होता. त्याखालच्या प्लॅस्टिकमधून करंट थेट शाफ्टमध्ये उतरत होता, प्लगपर्यंत पोचणार कुठून?

यजमानांच्या डब्यात जुना, बिनरिव्हेटचा रोटर निघाला. तो, जुनाच कंडेन्सर आणि पुन्हा बीपी६ईएस. पॉइंटचा गॅप १५ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), प्लगचा २५ थाउ, दोन्ही फिलर गेजने. त्यानंतर माहीमचा सिग्नल कितीही लांबो.

लेखात इलेक्ट्रॉनिक इग्निशनचीही, म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवण्याचीही, शिफारस आहे. ते वाईट नाही. पण १९६५च्या एमजीबीला बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू अर्थ, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेली, असते. निगेटिव्ह अर्थचे मॉड्यूल जोडले तर ते त्याच क्षणी मरते. शिवाय त्याबरोबर नुसत्या तांब्याच्या प्लग-वायर ठेवू नयेत, रेझिस्टन्सच्या वायर किंवा ‘आर’वाले (आत रेझिस्टर असलेले) प्लग लागतात. लेखात यातले एक अक्षर नाही.

तो रिव्हेटवाला रोटर मी टाकलेला नाही. लेखकमहाशयांना पाहायचा असेल तर रविवारी सकाळी पार्ल्यात यावे. सातच्या आत मात्र, नंतर गर्दी होते.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई