तक्रारींचा आकडा पुरेसा नाही : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय महिला व बालविकास मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

सार्वजनिक ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या छळाबद्दल सभागृहात प्रश्न आला की उत्तरादाखल पोलिसांकडे नोंदल्या गेलेल्या तक्रारींचा आकडा दिला जातो. तो आदल्या वर्षीपेक्षा कमी असला तर बाके वाजतात, जास्त असला तर गदारोळ होतो. या दोन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, असे मला नम्रपणे सांगायचे आहे. घाणेरडा शेरा मारून पुढे निघून गेलेल्या किंवा गर्दीत हात लावून दिसेनाशा झालेल्या माणसाविरुद्ध तक्रार करायला फार थोड्या जणी जातात, कारण त्याचे नाव माहीत नसते, पाहणारे थांबत नाहीत आणि घरी कळले तर आपलेच बाहेर पडणे बंद होईल ही धास्ती असते. त्यामुळे पोलीस ठाण्याची पायरी किती जणी चढल्या, एवढेच त्या आकड्यावरून समजते. रस्त्यावर काय घडते हे जाणून घ्यायचे असेल तर शास्त्रशुद्ध नमुना निवडून घरोघरी जाऊन विचारावे लागेल. आपल्या खात्याने असे सर्वेक्षण हाती घ्यावे आणि ठरावीक वर्षांनी ते पुन्हा करावे, ही माझी विनंती आहे. प्रश्नावल्या तयार करणे आणि प्रगणकांना प्रशिक्षण देणे हे माझे काम असल्याने, ते कसे व्हावे याबद्दलही थोडे सविस्तर लिहिते.

सगळे काही प्रश्नाच्या रचनेवर अवलंबून असते. ‘तुमचा कधी छळ झाला आहे का?’ असे सरळ विचारले तर पुष्कळ जणी ‘नाही’ म्हणतात, कारण शिट्ट्या, शेरे आणि रोखलेल्या नजरा त्यांनी रोजच्या जाण्यायेण्याचा भाग म्हणून कधीच सोडून दिलेल्या असतात. त्याऐवजी ‘गेल्या 12 महिन्यांत रस्त्यावर, थांब्यावर किंवा वाहनात कोणी मुद्दाम अंगाला अंग घासले का?’, ‘कोणी तुमच्या मागे मागे आले का?’ असे एकेका कृतीबद्दल विचारले की उत्तर देणारी क्षणभर थांबते, आठवते आणि मग सांगू लागते. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्कविषयक संस्थेने 28 देशांतल्या सुमारे 42,000 स्त्रियांशी बोलून 2014 मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात वयाच्या 15व्या वर्षापासून कधीतरी लैंगिक छळ अनुभवलेल्या स्त्रियांचे प्रमाण दोन प्रकारे दिलेले आहे : विचारलेल्या 11 कृती धरल्या तर 55 टक्के, निवडक 6 कृती धरल्या तर 45 टक्के. हे आकडे केवळ रस्त्यावरच्या छळाचे नाहीत, पण बायका त्याच, उत्तरे तीच आणि यादी लांबवली-आखडली की फरक दहा टक्क्यांचा, हे कोणत्याही खात्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. एकदा ठरवलेली यादी पुढच्या फेरीत बदलली तर परिस्थिती सुधारली की बिघडली हे कोणालाच सांगता येणार नाही, मग पत्रकार परिषद कितीही झोकात होवो.

ज्या गोष्टीकडे बहुतेक प्रश्नावल्या पाठ फिरवतात, ती म्हणजे टाळाटाळ. अंधार पडल्यावर बाहेर न पडणारी, लांबचा पण वर्दळीचा रस्ता धरणारी, संध्याकाळची शिकवणी सोडून दिलेली मुलगी ‘या वर्षी काही घडले नाही’ असेच खरे उत्तर देईल आणि तिची नोंद सुरक्षित म्हणून होईल. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा जाण्यायेण्याचा मार्ग अधिक सुरक्षित मिळावा म्हणून मुली मुलांपेक्षा बऱ्याच जास्त प्रमाणात कमी दर्जाचे महाविद्यालय पत्करतात असे दिसून आले. हे नुकसान कोणत्याही गुन्हे नोंदवहीत सापडत नाही. म्हणून काय घडले याच्या जोडीने काय सोडावे लागले हेही विचारले गेले पाहिजे : कोणती वेळ, कोणता रस्ता, कोणते काम, कोणता अभ्यासक्रम. माझ्या मते प्रश्नावलीतला सर्वांत मोलाचा भाग हाच ठरेल.

आता प्रत्यक्ष मुलाखतीविषयी. सासू शेजारच्या खोलीत बसलेली असताना सून या प्रश्नांची उत्तरे देणार नाही, आणि दिलीच तर नंतर तिला ती महागात पडू शकतात. स्त्रियांवरील हिंसेच्या संशोधनासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, ती घरातल्या हिंसेसाठी असली तरी इथेही जशीच्या तशी लागू पडतात : मुलाखत एकांतात व्हावी, एका घरातून एकाच स्त्रीला विचारावे आणि मध्येच कोणी आत आले तर प्रगणक महिलेने सहजपणे आरोग्याचा किंवा तसाच निरुपद्रवी विषय काढावा. हे जमायला सराव लागतो. दोन तासांच्या बैठकीत कागद वाटून हे काम इतर कामांनी आधीच वाकलेल्या कर्मचाऱ्यांच्या माथी मारले तर हाती कोऱ्या रकान्यांखेरीज काही लागणार नाही.

पुरुषांनाही विचारावे, अशी सूचना केली की बैठकीत हसू उमटते. खरे कोण सांगणार, असा त्यामागचा भाव असतो. परंतु इजिप्त, लेबनॉन, मोरोक्को आणि पॅलेस्टाईन येथील पुरुषांच्या 2017 साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात, रस्त्यावर बाईचा लैंगिक छळ कधी ना कधी केल्याचे लेबनॉनमधल्या 31 टक्के, तर इजिप्तमधल्या 64 टक्के पुरुषांनी स्वतःच सांगितले. सांगायला लाज वाटत नाही इतके ते त्यांच्या लेखी किरकोळ आहे, आणि जनजागृती नेमकी कोणासमोर करायची हे ठरवताना ही माहिती भिंतीवरच्या घोषणांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

मोबाइलवरून तक्रारी गोळा करून नकाशा करण्याचा प्रस्ताव आपल्यापुढे येईलच. कैरोत 2010 पासून असा उपक्रम चालला आणि त्यातून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. तरीही ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे आणि लिहिण्याचे धाडस आहे, त्यांचेच ठिपके अशा नकाशावर उमटतात. ठिपका नसलेली वस्ती निर्धोक समजून तिथली गस्त कमी झाली, तर नकाशा करण्यापेक्षा न केलेला बरा.

एका धोक्याची जाणीव आताच करून देते. सर्वेक्षणात एखाद्या थांब्यावर संध्याकाळी सातनंतर त्रास होतो असे निघाले, तर मुलींनी सातच्या आत घरी यावे असे परिपत्रक काढणे सर्वांत स्वस्त असते. तसे झाले तर पुढच्या फेरीत कोणी खरे सांगणार नाही, आणि त्यांना दोष देता येणार नाही. तिथे दिवे लावणे, गाड्यांच्या फेऱ्या वाढवणे, वाहक-चालकांना अशा वेळी काय करायचे ते शिकवणे, ही कामे आपल्या खात्याच्या हाती नाहीत. म्हणून नगरविकास, परिवहन आणि गृह खात्यांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे. पहिल्या उपायांनंतर छळाचे प्रमाण वाढलेले दिसले तरी घाबरून अहवाल दाबू नये. बोलायची भीड चेपल्यानेही आकडा वर जातो, आणि मुलाखतींसोबत पोलिसांकडच्या नोंदी ठेवल्या तर यातले काय घडले याचा अंदाज बांधता येतो.

मागणी मोठ्या खर्चाची नाही. अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करावी, प्रश्नावलीचा मसुदा प्रत्यक्ष काम सुरू होण्याआधी लोकांच्या हरकतींसाठी खुला ठेवावा आणि गोळा झालेली माहिती, कोणाचीही ओळख पटणार नाही अशा रूपात, अहवालाबरोबरच अभ्यासकांना उपलब्ध करून द्यावी. मसुद्याच्या कामात विनामोबदला मदत करण्याची माझी तयारी आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
सर्वेक्षण क्षेत्रातील एक कार्यकर्ती