रविवारी येताना विमा पॉलिसीची झेरॉक्स आणा
मंडळी, येत्या रविवारी सकाळी ७ ला गोल्फ क्लब ग्राउंडवर प्रॅक्टिसच्या आधी अर्धा तास विम्याबद्दल बोलायला बसायचंय, सिनियर ज्युनियर सगळ्यांनी. मागच्या महिन्यात आपल्या एका पोराचं गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि क्लेम अडकला का, तर एमआरआयचं ओरिजिनल बिल चहाच्या टपरीवर राहिलं, त्यावर वडापावचं तेल!

- ओरिजिनल बिलं, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, फोटो लगेच काढा.
- क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल (विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी), आपल्याला पुण्याचं ऑफिस लागतं, फी नाही, वकील नको, पण वर्षाच्या आत जायचं. ग्राहक आयोगाला २ वर्षं मुदत.
- पंतप्रधान सुरक्षा विमा बँकेतून काढा, वय १८ ते ७०, वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख. दवाखान्याचं बिल यात बसत नाही, उगाच आशा लावू नका.
- ट्रेकवाल्यांनो, प्रोफेशनल म्हणून साहसी खेळात लागलं तर बहुतेक मेडिक्लेम देत नाहीत, ते कलम आधी वाचा.

ज्यांच्याकडे पॉलिसीच नाही त्यांनीही या.